'स्वयम' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर पहिला कोर्स घेताय ना, मग एवढं सांभाळा

ताई, शिक्षण सुटून वर्षं झाली म्हणून बिचकू नका.

आधी सोबत शोधा. एकट्याने व्हिडिओ बघणारे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गळतात, मीही गळलो होतो. पुढच्या वेळी आम्ही तिघं दर रविवारी रात्री नऊला गूगल मीटवर बसायचो, कॅमेरा चालू ठेवून. "मलाही हे कळलं नाही" असं कुणी म्हटलं की केवढा धीर येतो!

एनपीटीईएलच्या (म्हणजे स्वयमवरच आयआयटी वगैरे संस्था चालवतात त्या) 12 आठवड्यांच्या कोर्सला गुणांसाठी 12 पैकी सर्वोत्तम 8 असाइनमेंट धरतात, त्यामुळे एखादी हुकली तरी कोर्स सोडू नका.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- एकदम तीन कोर्स घेणं
- कोणत्या ईमेलने नोंदणी केली तेच विसरणं
- असाइनमेंट शेवटच्या रात्री भरणं

नोट्सची ॲप वगैरे नंतर सांगेन.