ॲपमधल्या हिरव्या दिवसांवर विसंबू नकोस

बाळ आठ महिन्यांचं, अंगावर पितंय, पाळी आत्तापर्यंत दोनदाच आली, आणि पाळीचं ॲप 'सुरक्षित' दिवस हिरवे दाखवतंय म्हणून नवरा निरोध नको म्हणतोय. तुझा प्रश्न नीट वाचला. कुटुंब नियोजनाच्या समुपदेशनात बरीच वर्षं काम करतेय, म्हणून स्पष्ट सांगते: निदान सध्या तरी त्या हिरव्या दिवसांवर राहू नकोस.

पाळीचं साधं ॲप आधीच्या तारखांवरून पुढची पाळी कधी येईल ते ठरवतं आणि तिथून साधारण 14 दिवस मागे मोजतं, बस. बीज खरंच कधी सुटलं हे त्याला कळत नाही. अंगावर पाजताना पाळी कधी महिन्यात येते, कधी दोन महिन्यांनी. दोन तारखांवरून कसला अंदाज बांधणार? त्यात शुक्राणू 5 दिवसांपर्यंत जिवंत राहतात. अंगाचं तापमान बघून दिवस सांगणाऱ्या 'नॅचरल सायकल्स' ॲपला अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामक संस्थेने) 2018 मध्ये मान्यता दिली, पण रोजच्या वापरात त्यातही वर्षाला 100 पैकी सुमारे 7 जणींना दिवस जातात. आणि रात्री बाळासाठी चारदा उठणारीचं सकाळचं तापमान भरवशाचं नसतं.

मोबाइल खरा कामाला येतो तो गोळीच्या तारखा सांभाळायला. सरकारी दवाखान्यात 'छाया' ही गर्भनिरोधक गोळी फुकट मिळते. तिच्यात हार्मोन नाही, दुधावर परिणाम होत नाही. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, म्हणजे रविवारी सुरू केली तर रविवार आणि बुधवार. पुढे फक्त रविवार. रोजची नसल्यामुळेच ही गोळी हमखास विसरते, म्हणून अलार्म लाव. छायावर पाळी लांबू शकते, तेव्हा ॲप 'पाळी चुकली' म्हणून घाबरवेल. शंका वाटली तर घरी चाचणी करून बघ. कावीळ किंवा पीसीओडी असेल तर आधी डॉक्टरांना सांग. हे बोलणं ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन डॉक्टर सल्ला सेवेवर, घरबसल्या, फुकट होतं.

सासूबाईंना कळू नये म्हणतेस, तर 'अंतरा' या गर्भनिरोधक इंजेक्शनचाही विचार कर. दर तीन महिन्यांनी एक, घरात पाकीट राहत नाही. मात्र बंद केल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. लवकर दुसरं मूल हवं असेल तर हे नको.

फोन घरात सगळ्यांच्या हातात असतो ना? मग लॉक स्क्रीनवरच्या सूचना बंद कर, अलार्मला फक्त 'रविवार' नाव दे. आणि ॲपमध्ये संबंधांच्या नोंदी अजिबात नकोत. पाळीच्या 'फ्लो' ॲपने बायकांची माहिती फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने केला होता आणि 2021 मध्ये त्यावर तडजोड झाली.

पुढची पाळी येईपर्यंत निरोधच. नवऱ्याला हे उत्तर वाचायला दे हवं तर. मधे चूक झालीच तर 72 तासांच्या आत तातडीची गर्भनिरोधक गोळी घे, जितकी लवकर तितकी बरी. अंगावर पाजताना चालते.