वावरातून लाइन गेली म्हणून पराटी तुडवायची का?

प्रश्न: ताई, आमच्या वावरातून ११ केव्हीची लाइन बाबांच्या काळापासून गेलीय. मागच्या आठवड्यात वीज कंपनीवाले वाकलेला पोल बदलायला आले, धुऱ्यानं यायचं सोडून ट्रॅक्टर सरळ पराटीत घातला, बोंडं धरलेली सहा तासं मोडली अन् आज्यानं लावलेला आंबा अर्धा छाटला. विचारलं तर म्हणे लाइन आमची आहे, सरकारी कामात अडथळा आणू नका. असं घुसता येते का यांना?
– एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर: दादा, पोल दुरुस्त करायला ते येऊ शकतात, त्यांना अडवून धरू नका, लोंबती तार उद्या तुमच्याच बैलावर पडायची. पण येऊ शकतात म्हणजे वाटेल तसं येऊ शकतात असं नाही ना! २००३ च्या वीज कायद्याचं कलम ६७ साफ सांगतं की काम करताना नुकसान कमीत कमी करायचं आणि जे होईल त्याची पूर्ण भरपाई द्यायची, रकमेवरून वाद झाला तर तो राज्याच्या वीज नियामक आयोगाकडे जातो. धुऱ्यानं वाट असताना ट्रॅक्टर पिकात घातला, हाच तुमचा सगळ्यात मोठा मुद्दा आहे, अर्जात पहिला तोच लिहा.

आंब्याचं वेगळं आहे. कलम ६८ प्रमाणे झाड लाइनच्या आधीचं असेल तर मोबदला मिळतो, लाइन आल्यावर तिच्याखाली लावलं असेल तर तो हक्क नाही. आज्यानं लावलेला आहे म्हणता, मग जुन्या सातबाऱ्यावर झाडाची नोंद सापडते का बघा, गावातल्या दोन म्हाताऱ्यांचे जबाबही घेऊन ठेवा.

आणि त्या अडथळ्याच्या धमकीला घाबरू नका. नाव विचारणं, मोबाइलवर फोटो काढणं हा काही गुन्हा नाही, फक्त अंगावर जाऊ नका, लाइनमनला हात लावला की केस तुमच्यावर होते. नवीन पोल टाकायचा म्हणाले तर मात्र आधी तुमची संमती लागते, तुम्ही हरकत घेतली तर त्यांना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणावी लागते, २००६ च्या नियमांत तसं आहे. टॉवरच्या मोठ्या लाइनला बहुतेक वेळा वेगळे अधिकार दिलेले असतात, तिथं हा नियम धरून बसू नका.

आता लगेच तलाठ्याकडे पंचनाम्यासाठी अर्ज द्या, एक कॉपी कंपनीच्या उपविभागीय ऑफिसात, दोन्हीकडून शिक्क्याची पोच घ्या. अन् पंचनामा होईस्तोवर ती मोडलेली पराटी उपटू नका, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्याही तशाच राहू द्या.