फी शून्य, तरीही मास्टर्स महाग: गोथेनबर्गच्या वाचक भगिनीला उत्तर

गोथेनबर्गहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय 31, मूळ पुण्याच्या. नवरा वाहन उद्योगात सॉफ्टवेअरचं काम करतो आणि त्याच्या वर्क परमिटवर दोघं स्वीडनला येऊन दोन वर्षं दहा महिने झाले. यांचं डिपेंडंट परमिट असलं तरी यांनी दीड वर्षापूर्वी टेस्ट इंजिनियर म्हणून स्वतःची कायमची नोकरी मिळवली. पगार 34 हजार क्रोनर, हातात साधारण साडेसव्वीस हजार. आता पुढच्या ऑगस्टपासून दोन वर्षांचं पूर्णवेळ मास्टर्स करायचं मनात आहे. त्या लिहितात, "आम्हाला फी लागत नाही. मग राजीनामा द्यायला हरकत काय? मूलही एक-दोन वर्षांत हवं आहे. शिकता शिकताच ते झालं तर बरं, असं वाटतं."

फीबद्दलची तुमची माहिती बरोबर आहे. 2011 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना स्वीडनमध्ये फी भरावी लागते आणि तांत्रिक विषयांना ती वर्षाला दीड लाख क्रोनरच्या घरात जाते. तुमचा राहण्याचा परवाना मात्र शिक्षणासाठी दिलेला नसल्याने तुम्हाला ती माफ आहे. 900 क्रोनरचं अर्जशुल्कही लागत नाही. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. कुणाच्या सांगण्यावरून स्टुडंट परमिटवर जाऊ नका, कारण त्याच दिवशी ही माफी जाते.

आता पगाराकडे वळू. तो बुडाला की दोन वर्षांत 6 लाख 36 हजार क्रोनर जातात. एक क्रोनर नऊ रुपयांचा धरला तर हे सत्तावन्न लाख रुपये झाले. मास्टर्सनंतर तुम्हाला 42 हजार पगार अपेक्षित आहे. कर जाऊन वाढीव हातात येतील महिन्याला साडेपाच हजारांच्या आत. म्हणजे सोडलेला पगार भरून यायलाच जवळपास दहा वर्षं, आणि तेही याच नोकरीत राहून तुमचा पगार एक क्रोनरनेही वाढला नसता असं मानलं तर. पदवी केवळ पगारासाठी घ्यायची नसते, हे मला मान्य आहे. डेटाच्या कामात शिरायची ओढ तुमच्या पत्रात दिसते. पण तुम्ही प्रश्न पैशाचा विचारला आहे.

घरखर्च मात्र निभेल. नवऱ्याच्या हातात 39,500 येतात. घरभाडं धरून खर्च 32 हजार, वाकडच्या फ्लॅटचा हप्ता 38 हजार रुपये, म्हणजे सव्वाचार हजार क्रोनर. उरतात तीन हजारांच्या आसपास. भारताचं एक तिकीट काढलं की तेही संपले.

माझी खरी अडचण पुढेच आहे. स्वीडनमध्ये आजारपणाचा आणि बाळंतपणाचा भत्ता ज्या उत्पन्नावर ठरतो त्याला एसजीआय म्हणतात. राजीनामा देऊन शिकायला बसलात की तो शून्यावर येऊ शकतो. शिकत असताना तो राखायचा असेल तर सरकारी शिक्षण-साहाय्य, म्हणजे सीएसएनचे पैसे, घेत असावं लागतं. ते तुमच्या सध्याच्या तात्पुरत्या परवान्यावर मिळत नाहीत. मुलामागे पालकांना मिळून 480 दिवस रजा असते. त्यातले 390 दिवस उत्पन्नावर आधारित, म्हणजे तुमच्या वाट्याचे 195. आजच्या पगारावर तुम्हाला दिवसाला साडेआठशे क्रोनरच्या वर मिळतील. एसजीआय नसेल तर 250. तुमच्याच दिवसांचा हिशोब केला तर फरक 1 लाख 20 हजार क्रोनरच्या आसपास पडतो. "शिकता शिकता मूल" हा बेत ऐकायला सुटसुटीत वाटतो, पण पैशाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट क्रम तोच आहे.

शिवाय पीआर, म्हणजे कायम निवास परवाना, आहे. त्याच्या अर्जासाठी लागणारी नवऱ्याची वर्क परमिटवरची चार वर्षं चौदा महिन्यांनी भरतील. 2021 पासून कायम निवास परवान्याला स्वतःचा चरितार्थ स्वतः चालवण्याची अट आहे, आणि नोकरी दाखवायची तर ती कायमची किंवा निर्णयाच्या दिवसापासून निदान दीड वर्ष टिकणारी असावी लागते. तुमच्याकडे आज नेमकी तशी नोकरी आहे. ती सोडून अर्ज करणं म्हणजे नवऱ्याला पीआर मिळून तुम्ही मात्र तात्पुरत्या परवान्यावर राहण्याचा धोका पत्करणं. परवान्यांचे नियम अलीकडे वारंवार बदलतात, म्हणून कोणतंही पाऊल टाकण्याआधी मिग्राशन्सवेर्केटच्या, म्हणजे स्वीडनच्या स्थलांतर खात्याच्या, संकेतस्थळावरचा त्या दिवशीचा नियम वाचा. फेसबुकवरच्या देशी ग्रुपांमधली उत्तरं बहुतेक जुन्या नियमांवरची असतात.

म्हणून माझं मत: एक वर्ष थांबा. पीआर हातात येईपर्यंत राजीनामा नको. पीआर आल्यावरही फी शून्यच राहते, आणि तुम्ही मुळात शिकायला म्हणून स्वीडनला आलेल्या नसल्याने सीएसएनचं दारही उघडतं. चार आठवड्यांना 12 हजारांच्या वर क्रोनर मिळतात. त्यातला मोठा भाग कर्जाचा आणि बाकीचं अनुदान. कर्जाचा भाग घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं. एसजीआयही त्यामुळे राखला जातो.

आणि तेव्हाही राजीनामा द्यायची गरज नाही. स्वीडनमध्ये 1974 चा शिक्षण-रजेचा कायदा आहे. एका मालकाकडे सहा महिने काम झालं की शिक्षणासाठी बिनपगारी रजा हा तुमचा हक्क असतो. मालक ती काही काळ पुढे ढकलू शकतो, नाकारू शकत नाही. परतल्यावर तशाच दर्जाचं काम द्यावं लागतं. आपल्याकडच्या कंपन्यांची सवय असल्याने आपली माणसं हे मागायलाच बिचकतात.

मूल आधी की पदवी आधी, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं. आकड्यांपुरतं सांगतो. नोकरीत असताना गरोदर राहिलात तर प्रसूतीच्या तारखेआधीच्या सहा महिन्यांपासून मूल वर्षाचं होईपर्यंत एसजीआयला संरक्षण असतं. मग पीआर, मूल आणि त्यानंतर मास्टर्स असाही क्रम बसतो. तेव्हा वय 34 असेल. स्वीडनच्या वर्गात ते कुणाच्या लक्षातही येणार नाही.

या मधल्या वर्षात विद्यापीठांचे सुटे कोर्स करून पाहा. साडेसात क्रेडिटचा एखादा दूरस्थ कोर्स नोकरी सांभाळून होतो आणि त्यालाही तुम्हाला फी नाही. आणि स्वीडिश शिका. पत्रात त्याचा उल्लेखच नाही. गोथेनबर्गमध्ये पगार वाढायला इंग्रजी मास्टर्सपेक्षा चांगली स्वीडिश जास्त उपयोगी पडेल, असं माझं मत आहे.

मध्येच एक वेगळी गोष्ट. पत्रात 22 लाखांच्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातल्या) ठेवीचा "करमुक्त" असा उल्लेख आहे. भारतात ती करमुक्त आहे. तुम्ही मात्र स्वीडनच्या पूर्ण करदात्या रहिवासी आहात, आणि तिथे जगभरातल्या व्याजावर 30 टक्के कर लागतो. आजवर दाखवलं नसेल तर करखात्याने विचारण्याआधी स्वतःहून दुरुस्त करा.

नवऱ्याला याच आठवड्यात आ-कासाचा, म्हणजे बेकारी विमा निधीचा, सभासद व्हायला सांगा. महिन्याला दोनशे क्रोनरच्या आसपास वर्गणी आहे आणि पगाराच्या प्रमाणात बेकारी भत्ता मिळायला सभासदत्व काही काळ आधीपासून असावं लागतं. वर्क परमिटवरच्या माणसाची नोकरी गेली की नवी शोधायला थोडेच महिने मिळतात, आणि तुमचा परवाना त्याच्या परवान्याला बांधलेला आहे.

अर्जाची मुदत दरवर्षी जानेवारीच्या मध्याला असते. यंदा नको, पुढच्या वर्षीच्या जानेवारीत करा. मिळालेला प्रवेश वर्षभर पुढे ढकलण्याची परवानगी खास कारणांनाच मिळते, तेव्हा यंदा घाईने जागा घेऊन फायदा नाही. पुणे विद्यापीठाच्या ट्रान्स्क्रिप्टसाठी मात्र आतापासूनच कुणाला तरी मागे लावा. त्याला वेळ लागतो.