मोबाइलवर काढलेला पाठ एडिट करायला कुठून सुरुवात करू?

तुम्ही आठवीला गणित शिकवता, पाठ मोबाइलवर रेकॉर्ड करता आणि एडिटिंगचा गंध नाही म्हणता. मीही गणिताचाच मास्तर. पहिला महिना मी पान उलटल्यासारखे इफेक्ट शिकण्यात घालवला, एकाही पोराने त्याची दखल घेतली नाही. तुम्ही आधी फक्त कापायला शिका.

रेकॉर्डिंग करताना चुकलात तर कॅमेरा बंद करू नका. एक टाळी वाजवा, क्षणभर थांबा आणि ते वाक्य पहिल्यापासून म्हणा. टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगच्या ॲपमध्ये क्लिप मांडलेल्या पट्टीवर, आवाजाच्या लाटेत त्या टाळीचा सुळका लांबूनच दिसतो. सुळक्याच्या मागचं चुकलेलं वाक्य टाळीसकट उडवायचं. चूक शोधायला अख्खा व्हिडिओ पुन्हा ऐकत बसावं लागत नाही.

लॅपटॉप असेल तर शॉटकट हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर घ्या. फुकट आहे आणि व्हिडिओवर शिक्का उमटत नाही. एस दाबलं की क्लिपचे दोन तुकडे होतात, एक्स दाबलं की निवडलेला तुकडा जातो आणि पुढचा भाग आपोआप मागे सरकतो. मोबाइलची फाइल टाकल्यावर ते बऱ्याचदा कन्व्हर्ट करू का विचारतं. हो म्हणा. मोबाइलचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं टिपली जातात तो आकडा, कमीजास्त होत असतो, त्यामुळे पुढे ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे असं होऊ शकतं.

सगळी शांतता मात्र कापू नका. "आता तुम्ही सोडवा" म्हटल्यावरची शांतता पोरांची असते, वहीत उतरवायला तेवढा वेळ लागतोच.

आवाजाचं काम रेकॉर्डिंगच्या आधीचं. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, साध्या इअरफोनचा माइक तोंडाजवळ. रिकाम्या खोलीतला घुमणारा आवाज नंतर धड निघत नाही.

आणि अपलोड करण्याआधी व्हिडिओ घरातल्या सगळ्यात लहान फोनवर बघा. माझ्या एका पाठात एक्सच्या डोक्यावरचा 2 इतका बारीक आला होता, की निम्म्या पोरांनी वर्गाऐवजी दुप्पट करून आणलं. तेव्हापासून मी 1080 वर (चित्राची उंची 1080 ठिपके) रेकॉर्ड करतो आणि तयार व्हिडिओ 720 वर एक्सपोर्ट करतो, म्हणजे बाहेर काढतो. फाइल हलकी होते, शिवाय फळ्याचा हवा तो भाग दीडपट मोठा केला तरी अक्षर फुटत नाही.