सर्वांत थोर कोण, हे ठरवायचे कसे?

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेत दरवर्षी 1 मे रोजी मुलांची वक्तृत्व स्पर्धा होते. यंदा 'महाराष्ट्रातील सर्वांत थोर व्यक्ती' हा विषय ठेवला होता. बारा स्पर्धकांपैकी नऊ जण शिवाजी महाराजांवर बोलले, दोघांनी डॉ. आंबेडकरांची निवड केली आणि एक मुलगी महर्षी कर्व्यांवर बोलली. बक्षीस त्या मुलीला मिळाले आणि त्यावरून पालकांत जो वाद पेटला, तो संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर अजून धुमसतो आहे. असा विषय ठेवणेच चूक होते का? नसेल, तर या प्रश्नाला उत्तर तरी आहे का?
एक वाचक, ठाणे

उत्तर : विषय ठेवण्यात काही चूक झाली नाही. मुले शाळेत जयंत्या-पुण्यतिथ्या पाठ करतात, परंतु एका थोर व्यक्तीची दुसरीशी तुलना करण्याची वेळ त्यांच्यावर सहसा येत नाही; आणि तुलना करायची म्हटली की मोजमाप कोणते धरायचे, हा प्रश्न आपोआप पुढे येतो. तुमच्या स्पर्धेत नेमका तोच ठरवायचा राहिला असावा. बक्षीस भाषणाला होते, भाषणातल्या व्यक्तीला नव्हते, एवढे परीक्षकांनी सुरुवातीलाच सांगितले असते तरी निम्मा वाद टळला असता.

मतांची संख्या मोजून हा प्रश्न सुटत नाही, हे आधी सांगून टाकतो. ब्रिटनमध्ये 2002 साली बीबीसीने सर्वश्रेष्ठ ब्रिटिश व्यक्ती निवडण्यासाठी मतदान घेतले. त्यात चर्चिल पहिले आले, ब्रुनेल हा अभियंता दुसरा आला आणि तिसरा क्रमांक राजकन्या डायानाला मिळाला. डार्विन, शेक्सपिअर आणि न्यूटन हे तिघेही तिच्या मागे राहिले. तिच्या मृत्यूला तेव्हा पाचच वर्षे झाली होती. त्याच धर्तीवर आपल्याकडे 2012 साली गांधीजींनंतरचा सर्वश्रेष्ठ भारतीय निवडण्यात आला. गांधीजींच्या जवळपास कोणी येणार नाही, असे गृहीत धरून त्यांचे नाव यादीतच ठेवलेले नव्हते. पहिले स्थान डॉ. आंबेडकरांना मिळाले आणि पहिल्या दहांत सचिन तेंडुलकर व लता मंगेशकर हेही होते. मराठी वाचकाला हे वाचून बरे वाटेल, मलाही वाटले. पण राज्यघटनेचा मसुदा, क्रिकेटची बॅट आणि तानपुरा ज्यात घालून तोलता येतील, असा तराजू कोणत्या पेठेत मिळतो, ते आयोजकांनाच ठाऊक.

मोजमापाचा विचार एका माणसाने फार काटेकोरपणे करून ठेवला आहे, आणि तो माणूस तुमच्या स्पर्धेतल्या तीन नावांपैकीच एक आहे. 18 जानेवारी 1943 रोजी, न्यायमूर्ती रानडे यांच्या 101व्या जयंतीला, पुण्याच्या गोखले स्मारक मंदिरात डॉ. आंबेडकरांचे भाषण झाले. रानडे सरकारी नोकरीत न्यायाधीश होते, ते कधी तुरुंगात गेले नव्हते, तेव्हा त्यांना थोर म्हणावे का, अशी शंका त्या काळी अनेकांच्या मनात होती. तिला उत्तर देण्याआधी आंबेडकरांनी थोर कोणाला म्हणायचे, हेच तपासायला घेतले. प्रामाणिकपणा हवा, तो पाया आहे; पण नुसता प्रामाणिकपणा पुरत नाही, कारण प्रामाणिक माणूस मूर्खही असू शकतो, म्हणून बुद्धीही हवी. हे दोन्ही असले तरी माणूस फार तर नामांकित ठरतो. थोर ठरायला त्याच्या कामामागे सामाजिक हेतूची प्रेरणा असावी लागते आणि समाजावर चाबूक ओढण्याचे व समाजातली घाण उपसण्याचे काम त्याने अंगावर घेतलेले असावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते. विभूतिपूजेचा धोकाही त्यांनी त्याच भाषणात सांगितला होता. पुढे 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी तो आणखी स्पष्ट केला: थोर माणसाविषयी कृतज्ञता असावी, पण आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नये.

हे मोजमाप घेऊन तुमच्या स्पर्धेकडे पुन्हा पाहा. महाराजांची तुलना कोणाशी करूच नये, असे काही पालकांनी म्हटले असेल. त्यामागचा आदर मला समजतो, पण तसे केल्याने मुलांनी महाराजांविषयी विचार करायचेच थांबते आणि भाषणात तोफा, तलवारी आणि अफजलखान एवढेच उरते. राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूण परिसरात पावसाळ्यासाठी छावणी करून राहिलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना महाराजांकडून गेलेले एक पत्र उपलब्ध आहे. दाणा-गवत जपून वापरा, बेहिशेबी खर्च केलात तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, मग घोडी उपाशी मरतील आणि तुम्ही कुणब्यांच्या घरातले धान्य, भाकरी, लाकडे, भाजी आणू लागाल, तेव्हा रयतेला मोगल बरे वाटतील, असे त्यात बजावले आहे. तेवढ्यावर पत्र थांबत नाही. रात्री दिवा तसाच ठेवून झोपाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि मग घोडी कशी वाचवाल, इथपर्यंत ते जाते. राज्य उभारत असलेल्या माणसाने उंदराने नेलेल्या वातीचा विचार करावा, आणि तोही कुणब्याच्या घरातल्या भाजीला आपल्या सैन्याचा हात लागू नये म्हणून! नऊ मुलांपैकी एकानेही हे पत्र मांडले असते, तर बक्षिसाचा निर्णय कदाचित वेगळा लागला असता.

कर्व्यांविषयी बोललेल्या मुलीने भाषणात काय सांगितले, ते तुम्ही कळवलेले नाही; पण फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून झाल्यावर विधवांच्या आश्रमासाठी हिंगण्यापर्यंत रोज पायी जाणारा प्राध्यापक तिला आवडला असेल, तर तिची निवड चुकली असे कोण म्हणेल? आश्रम 1896 साली सुरू झाला, महिला विद्यापीठ 1916 साली निघाले आणि भारतरत्न 1958 साली, म्हणजे कर्वे शंभरीत असताना मिळाले.

आता माझे मत विचारलेत तर आंबेडकरांच्या मोजमापाने मी जोतीराव फुले यांचे नाव घेईन. 1848 साली पुण्यात मुलींची शाळा, 1868 साली आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला, 1873 साली सत्यशोधक समाज, 1882 साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी, ही जंत्री सर्वांना ठाऊक आहे. मला अधिक वेळ थांबावेसे वाटते ते 1888 सालापाशी. त्या वर्षी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट या ब्रिटिश राजपुत्राच्या सन्मानार्थ भोजन होते. उंची पोशाखातल्या पाहुण्यांत जोतीराव गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि या मंडळींवरून हिंदुस्थानची परीक्षा करू नका, खरी प्रजा खेड्यांत आहे, असे त्यांनी पाहुण्यांसमोर सांगितले. त्याच वर्षी अर्धांगाने त्यांचा उजवा हात निकामी झाला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली आणि आपला अखेरचा ग्रंथ पुरा केला. तो छापून आला तेव्हा ते हयात नव्हते.

ब्रिटिश राजवटीकडून त्यांनी ठेवलेली अपेक्षा फार मोठी होती, हा आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्यही आहे. परंतु सरकारला आव्हान देणाऱ्या राजकारण्यापेक्षा स्वतःच्या समाजाला आव्हान देणारा सुधारक अधिक धाडसी असतो, असे आंबेडकरांनी 1936 साली लाहोरसाठी लिहिलेल्या, पण देता न आलेल्या भाषणात म्हटले आहे, आणि ते फुल्यांना जसे लागू पडते तसे फार थोड्यांना पडते. स्वतः आंबेडकरांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर फुल्यांना गुरू मानले व 1946 साली आपला एक ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. उलट कोणी म्हणेल की, महाडचे तळे आणि भारताची राज्यघटना ज्यांच्या नावावर आहे, त्या आंबेडकरांचे काम विस्ताराने कितीतरी मोठे आहे. ते खरे आहे, आणि कोणी त्यांचे नाव पुढे केले तर मी फारसा प्रतिवाद करणार नाही. माझा कौल फुल्यांकडे झुकतो तो एवढ्याचसाठी की आंबेडकरांच्या आधी फुले होते, शाहू महाराज होते. फुल्यांच्या आधी आधाराला जवळपास कोणी नव्हते. आणि तुमच्या सोसायटीतल्या नऊ मुलांच्या पालकांना हेही सांगा की, 1869 साली शिवाजी महाराजांवर पोवाडा रचून छापणारे जोतीरावच होते.

प्रश्न : आम्ही तीन पिढ्या इंदूरला राहतो. इथले लोक म्हणतात की आंबेडकर आमच्या महूचे आणि लताबाई आमच्या इंदूरच्या. तेव्हा तुम्ही महाराष्ट्रवाल्यांनी त्यांना आपल्या यादीत घेऊ नये. यावर काय बोलावे?
एक वाचक, इंदूर

उत्तर : जन्मस्थळ हाच निकष लावायचा तर महाराष्ट्राची यादी बरीचशी कोरी राहील, कारण हे राज्यच मुळी 1 मे 1960 रोजी अस्तित्वात आले. आंबेडकरांचे वडील लष्करात सुभेदार होते म्हणून जन्म महूचा; घराणे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडव्याचे. 1946 साली ते घटना समितीवर प्रथम निवडून गेले ते बंगालमधून. लताबाईंचा जन्म इंदूरचा आणि वडील गोव्यातल्या मंगेशीचे, त्यामुळे त्या वादात गोवेकरही उतरतील. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचा जन्म तर ब्रह्मदेशातला. उलट बाजूने पाहा: अहिल्याबाई होळकर जन्माने नगर जिल्ह्यातल्या चौंडीच्या, पण त्यांनी राज्य केले महेश्वरहून, आणि त्या तुमच्या शेजाऱ्यांना जितक्या आपल्या वाटतात तितक्याच आम्हालाही. संत नामदेवांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत आणि पंजाबातल्या घुमानशी त्यांचे नाते इतके घट्ट की 2015 चे मराठी साहित्य संमेलन तिथे भरले. तेव्हा शेजाऱ्यांना म्हणावे, आंबेडकर तुमचेही. फक्त वाटणी करायला बसू नका.

प्रश्न : अशा याद्यांत बायकांची नावे शेवटी, 'तसेच' या शब्दानंतर येतात. जिजाबाई आई म्हणून, सावित्रीबाई पत्नी म्हणून. स्वतःच्या बळावर पहिल्या रांगेत बसेल अशी कोणी नाही का?
एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, आणि वरच्या उत्तरात मीही त्याच वाटेने गेलो, हे मान्य करतो. सावित्रीबाईंपुरते बोलायचे तर 1890 साली जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवे, म्हणजे प्रेतापुढे धरायचे मडके, त्यांनी स्वतः धरले आणि 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता त्यांचा मृत्यू झाला. यांतली कोणतीही गोष्ट त्यांनी कोणाची पत्नी म्हणून केली, असे म्हणता येणार नाही.

पण तुम्ही एकच नाव मागितलेत तर मी रखमाबाईंचे देईन. मुंबईत जन्मलेल्या या मुलीचे लग्न अकराव्या वर्षी लावून दिले गेले. पुढे तिने नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला, तेव्हा 1884 साली नवरा न्यायालयात गेला. पहिला निकाल तिच्या बाजूने लागला, पण अपिलानंतर प्रकरण फिरले आणि 1887 साली न्यायालयाने सांगितले की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. त्याआधीच तिने 'एक हिंदू स्त्री' या नावाने टाइम्स ऑफ इंडियात पत्रे लिहून बालविवाहावर टीका केली होती. टिळकांसह अनेक मातब्बर तिच्या विरोधात होते. अखेर 1888 साली नवऱ्याने दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. पुढे ती इंग्लंडला गेली, डॉक्टर झाली आणि परत येऊन सुरत व राजकोट येथे तिने अनेक वर्षे रुग्णसेवा केली. 1891 साली संमतिवयाचा कायदा झाला, त्याच्या पाठीमागे जी खळबळ होती तिच्यात या खटल्याचा वाटा मोठा होता. समाजावर चाबूक ओढणे हीच कसोटी असेल, तर विशीतल्या एका मुलीने एकटीने तो ओढला होता.

प्रश्न : सचिन तेंडुलकर थोर का नाही?
एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : फलंदाज म्हणून थोर आहेच, त्याबद्दल कोणाचे दुमत नसावे. वरचे मोजमाप वेगळ्या कामासाठी आहे. त्याने तेंडुलकरांना मोजू नये आणि फुल्यांना शतकांनी मोजू नये.

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयाच्या नव्या दालनात पाच तसबिरी लावण्याइतकी भिंत आहे. समितीत सात सदस्य आहेत आणि नावे अकरा आली आहेत. आपण सुचवावे.
एक कार्यवाह, सातारा जिल्हा

उत्तर : सात जणांत अकरा नावे म्हणजे समिती पुष्कळच समंजस म्हणायची. माझी पाच नावे सुचवतो: शिवाजी महाराज, ज्ञानेश्वर, जोतीराव व सावित्रीबाई एकाच तसबिरीत, आंबेडकर आणि राहिलेल्या एका चौकटीत टिळक व गोखले शेजारी शेजारी. शेवटच्या जोडीवर कोणी हरकत घेतली तर त्यांना सांगावे की, आयुष्यभर गोखल्यांशी भांडलेल्या टिळकांनी 1915 साली त्यांच्या चितेपाशी उभे राहून त्यांना महाराष्ट्राचे रत्न म्हटले होते, तेव्हा एका चौकटीत राहायला त्या दोघांची अडचण नसावी. चौकटी मात्र पाचही एकाच मापाच्या करून घ्या आणि खिळे ठोकण्याआधी भिंतीवर दोरीने सरळ रेघ मारून घ्या. नाहीतर कोणाची तसबीर दोन बोटे वर आहे, यावरून पुढच्या महिन्यात तुमचेच दुसरे पत्र येईल.