'हाताखाली राबशील' असं मुलीला सांगण्याआधी

तुम्ही लिहिलंय की मुलगी दोनदा प्रवेश परीक्षेला बसली, मेडिकलला नंबर लागला नाही, आता ती स्पीच थेरपी करायचं म्हणतेय आणि तुम्ही तिला ऐकवलंत, 'आयुष्यभर डॉक्टरच्या हाताखाली राबशील, चारचौघांत आम्ही काय सांगायचं?' मार्कांचं मला काही वाटलं नाही. काळजी वाटली ती त्यापुढच्या ओळीची, की ती हल्ली तुमच्यासोबत जेवायलाही बसत नाही. अहो, हे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय! तिची इच्छा नसेल तर तिसरा अटेम्प्ट अजिबात नको, आणि आज तिच्याशी परीक्षा सोडून दुसरं काहीतरी बोला.

आता ते 'हाताखाली'. पॅरालिसिसचा अटॅक आलेला पेशंट घ्या. त्याला तोंडाने पाणी द्यायचं का, हे स्पीच थेरपिस्ट तपासते. चमचाभर पाणी देते, गळ्यावर बोटं ठेवून गिळताना कंठ वर उचलला जातो का बघते, मग 'आ' म्हणायला लावते, आवाज ओला, घरघरीत आला तर पाणी स्वरयंत्रापाशी साचल्याची शंका, आणि ते फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. ती 'नको' म्हणाली की न्यूरॉलॉजिस्टसुद्धा त्यावरच पुढचं ठरवतो. नळीतून किती आणि काय द्यायचं ते डाएटिशियन काढते, फार्मासिस्ट सांगतो की ही गोळी हळूहळू विरघळणारी आहे, कुटून देऊ नका, बदलून घ्या, आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट एका हाताने शर्टाची बटणं लावायला शिकवते. आजाराचं निदान डॉक्टर करतात, पण ही सगळी कामं त्यांना येत नाहीत आणि चांगले डॉक्टर तसा दावाही करत नाहीत. डब्ल्यूएचओने २००८ साली ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची चेकलिस्ट काढली, त्यात चीर देण्याआधी टीममधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं, म्हणजे पुढे काही चुकतंय असं दिसलं तर बोलायला कुणी कचरू नये.

सगळीकडे असं चालत नाही, काही ठिकाणी अजूनही मान खाली घालून ऐकायचंच असतं, पगारही बहुतेकदा डॉक्टरांपेक्षा कमीच, हे तिला माहीत असू द्या. कॉलेज बघताना बिल्डिंग बघत बसू नका. कोर्सला मान्यता आहे का बघा, आणि वॉर्डात गिळायला त्रास होणारे पेशंट स्वतः तपासायला मिळतात का, हे शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा. तुम्ही सोबत गेलात तरी प्रश्न तिलाच विचारू द्या.