टाकी फुल्ल केली, आता कुठवर जाईल? जुन्या स्पोर्ट्स कारवाल्यांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत पेट्रोलचा विषय इतक्या जणांनी काढलाय की सगळा कॉलम त्यालाच दिला. मुंबईत लिटरला शंभरच्या वर मोजताना अ‍ॅव्हरेजची चिंता वाटणारच, त्यात गाडी पंधरा-वीस वर्षं जुनी आणि इंजिन मोठं. पण बऱ्याच जणांना गाडीत खरा बिघाड कुठला आणि मुंबईच्या ट्रॅफिकचा हिशोब कुठला हे वेगळं करता येत नाहीये, आणि त्यात गॅरेजमध्ये नको ते पार्ट बदलले जातायत. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

प्रश्न: नमस्कार, माझ्याकडे २००८ची पोर्शे बॉक्स्टर आहे, २.७ लिटर, मॅन्युअल, सेकंडहँड घेतलेली. पवईहून लोअर परळला ऑफिसला नेतो तेव्हा अ‍ॅव्हरेज जेमतेम साडेपाच, एक्स्प्रेसवेवर मात्र ११ देते. अजून एक विचित्र प्रकार म्हणजे टाकी फुल्ल करून घरून निघालो की रेंज ३३० दाखवते आणि पुण्यात पोचलो, म्हणजे दीडशे किमी पळून झाले, की तीच रेंज ४५०! पेट्रोल कमी झालं आणि रेंज वाढली कशी? गॅरेजवाले म्हणतात सगळे इंजेक्टर बदला. बदलू का? (वाचक, पवई)

उत्तर: आधी ते इंजेक्टरचं (इंजिनात पेट्रोल फवारणारे पार्ट) थांबवा. तुम्ही दिलेल्या आकड्यांत तरी मला इंजेक्टर खराब असल्याचं काही दिसत नाहीये.

रेंजचा आकडा हा पेट्रोलचा आकडा नसतोच, तो अंदाज असतो. टाकीत उरलेले लिटर गुणिले गाडीने नुकतंच दिलेलं अ‍ॅव्हरेज, बस. तुमची टाकी ६४ लिटरची. आठवडाभर जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी रोड), सायन, दादर असं रांगत गाडी चालवली की कॉम्प्युटरच्या डोक्यात साडेपाचच बसलेलं असतं, थोडं रिझर्व्हचं बाजूला ठेवून तो ३३० सांगतो. एक्स्प्रेसवेला लागून शंभरने निवांत गेलात की तो नव्याने शिकतो, आणि पुण्यात पोचेपर्यंत टाकीत पन्नासेक लिटर उरलेले असतात, त्याला नऊने गुणलं की झाले ४५०. म्हणजे मीटर बिघडलेला नाही, तो फक्त कालच्या रस्त्यावरून उद्याचं सांगतोय. मुंबईतून निघताना त्याच्यावर भरवसा ठेवू नका, आणि परत येताना तर मुळीच नको, कारण पुण्याहून ४५० बघून खूश होऊन वाशी नाक्यावर तासभर अडकलात की तो आकडा बघता बघता खाली येतो.

आता साडेपाच का. मुंबईत गाडी किलोमीटरवर पेट्रोल पीत नाही, तासावर पिते. एवढं मोठं इंजिन नुसतं चालू उभं राहिलं, एसी चालू, तर तासाला साधारण लिटर ते दीड लिटर जातं. त्यात उभं असताना थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, जवळपास बंद असतो, म्हणजे अर्धवट दाबलेल्या स्ट्रॉमधून सरबत ओढावं तशी सहा सिलिंडरना हवा ओढावी लागते आणि त्यातच ताकद वाया जाते. इंजिन जेवढं मोठं तेवढी ही वाया जाणारी ताकद जास्त, हायवेवर थ्रॉटल उघडला की हे नुकसान कमी होतं. पवई ते लोअर परळ वीस-बावीस किमी, मोकळ्या रस्त्याला दोन लिटरमध्ये व्हायला हवेत, पण संध्याकाळी दीड तास लागतो, त्यातला अर्धापाऊण तास उभ्याने, आणि प्रत्येक सिग्नलला तेराशे किलोच्या वरची गाडी शून्यातून उचलायची. चार लिटर जाणं अगदी साहजिक आहे. त्यामुळे शहरात साडेपाच आणि हायवेला अकरा ही जोडी मला तब्येतीने ठीक असलेल्या गाडीची वाटते. हायवेचंही अ‍ॅव्हरेज आठ-साडेआठवर आलं असतं तर मी म्हटलं असतं की शोधूया.

तरी खात्री करायची असेल तर कॉम्प्युटरचा आकडा बाजूला ठेवा आणि टाकी ते टाकी मोजा. एकच पंप, जमलं तर तेच नोझल, पहिल्या ऑटो कटला थांबायचं, वरून 'राउंड फिगर' करायला द्यायचं नाही. पंपावरची पोरं सवयीने पुढच्या शंभरापर्यंत नेतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. दोनतीन टाक्या असं केलं की खरा आकडा हातात येतो आणि पुढे कधी बिघाड झाला तर तुलना करायला तुमच्याच गाडीचा जुना आकडा असतो, दुसऱ्याच्या गाडीचा काही कामाचा नाही. मागचे टायर मूळ साइजचे आहेत ना तेही बघा, मोठे असतील तर ओडोमीटर कमी मोजतो आणि अ‍ॅव्हरेज उगाच कमी दिसतं.

आणि इंजेक्टर बदलण्याआधी गॅरेजमध्ये स्कॅनर लावून फ्युएल ट्रिमचा आकडा तुमच्यासमोर दाखवायला सांगा. ऑक्सिजन सेन्सर बघून इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते त्यात दिसतं. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे तो थोडा प्लसकडे झुकलेला असणारच, पण फारच वर असेल तर कुठून तरी हवा शिरतेय किंवा आत जाणारी हवा मोजणारा एअर मास सेन्सर घाण झालाय, तो साफ करून बघणं इंजेक्टरच्या तुलनेत अगदी किरकोळ काम. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारी झडप) उघडा अडकलाय का बघा, टेंपरेचरचा काटा नेहमीच्या जागी न येता खालीच राहत असेल तर इंजिन थंड आहे समजून इसीयू पेट्रोल जास्त देत राहतो.

एक गोष्ट मुंबईची खास. पावसाळ्याचे चार महिने बरेच जण असल्या गाड्या कव्हर घालून ठेवतात, खारी दमट हवा, आणि ब्रेकचे कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारे चिमटे, धरून बसतात. दसऱ्याला गाडी बाहेर काढली की अ‍ॅव्हरेज पडलेलं असतं आणि लोक इंजिन उघडतात! दहा-पंधरा किमी चालवा, शेवटी जोरात ब्रेक न मारता गाडी हळू थांबू द्या आणि चारही चाकांजवळ नुसता हात न्या, टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं लागलं की चोर सापडला.

प्रश्न: वडिलांची १९६७ची एमजीबी आहे, घरातलीच एक असल्यासारखी. आधी १० द्यायची, आता ८ वर आलीये, पिकअप मेल्यासारखा, बोरघाटात तर आचके देते. सगळे म्हणतात ई-२० पेट्रोलमुळे, काही इलाज नाही. खरं का? (एक वाचक, हिंदू कॉलनी, दादर)

उत्तर: ताई, अर्धं खरं, आणि 'इलाज नाही' हे तर अजिबात खरं नाही.

ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. वीस टक्के मिसळलं की एकूण सहा-सात टक्के कमी होते. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातही ई-० साठी बनवलेल्या आणि ई-१० ला ट्यून केलेल्या चारचाकींना सहा ते सात टक्के फटका बसेल असंच म्हटलं होतं. आता तुमचा हिशोब करा, दहाचे सात टक्के गेले तर नऊ पॉइंट तीन राहायला हवेत. तुमचे आठ झालेत, म्हणजे वीस टक्के गेले. त्यातले सात पेट्रोलच्या नावावर टाका, बाकीचे तेरा गाडीत शोधायचे आहेत, आणि ते सापडतील.

पहिली जागा कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. इंजेक्शनवाल्या गाडीत सेन्सर हे बघून पेट्रोल वाढवतो, तुमच्या दोन एसयू कार्बोरेटरना यातलं काही कळत नाही, ते जुन्याच मापाने देत राहतात आणि मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं (जास्त झालं की रिच). लीन झालं की पिकअप जातो, मग पाय आपोआप जास्त दाबला जातो आणि अ‍ॅव्हरेज अजून पडतं. हे घरीही तपासता येतं. इंजिन चांगलं गरम करा, एअर फिल्टर काढा, कार्बोरेटरच्या खाली एक छोटी पिन असते ती बोटाने अगदी थोडी, मिलिमीटरभर, वर ढकला, म्हणजे आतला पिस्टन उचलला जातो. आरपीएम किंचित वाढून परत जागेवर आले तर बरोबर. पडले आणि इंजिन बंद पडायला आलं तर लीन. वाढून वाढलेलेच राहिले तर रिच. मग खालचा जेटचा षटकोनी नट एका वेळी एकच बाजू, म्हणजे एक षष्ठांश फेरा, फिरवायचा, खाली आणला की रिच होतं, आणि दोन्ही कार्बोरेटर सारखे करायचे. एवढ्यानेही वरच्या आरपीएमला लीनच राहिली तर कार्बोरेटरमधली सुई एक नंबर रिच घ्या. डॅशपॉटमध्ये (कार्बोरेटरच्या वरचा तेलाचा भाग) तेल आहे का तेही बघा, ते संपलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबल्या दाबल्या गाडी गटांगळी खाते.

दुसरी जागा जिच्याकडे कोणी बघत नाही ती म्हणजे डिस्ट्रिब्युटरचा (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स. निवांत एका स्पीडला जाताना स्पार्क आधी पडावा म्हणून एक पातळ पडदा असतो, साठ वर्षांत तो फाटतो. गाडी चालू होते, पळते, तक्रार काही नाही, फक्त अ‍ॅव्हरेज गेलेलं. त्याची बारीक नळी कार्बोरेटरकडून सोडवा, डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा आणि तोंडाने ओढून बघा, आतली प्लेट सरकली आणि ओढून धरली तोवर तशीच राहिली तर पडदा शाबूत. नुसतीच हवा आली तर तो बदला. माझ्या मते तुमच्या तेरा टक्क्यांतला मोठा वाटा इथे निघू शकतो.

घाटातले आचके बहुधा उष्णतेचे, कार्बोरेटर तापला की पेट्रोलची वाफ होते. एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरच्या मधली हीट शील्ड जागेवर आहे का बघा, गॅरेजमध्ये काढून परत न लावल्याचे प्रकार फार होतात. आणि हे सगळं करण्याआधी, आजच्या आज, पेट्रोलचे रबरी पाइप बदला. जुनं रबर इथेनॉलने मऊ पडतं, चिरतं, आणि गरम एक्झॉस्टवर पेट्रोल टपकलं तर वडिलांची गाडी जळेल, अ‍ॅव्हरेजचं सोडाच. दुकानात मागताना इथेनॉल चालणारा पाइप असं स्पष्ट सांगून घ्या. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाला बसतं. फुल्ल टाकीत दमट हवेला जागाच उरत नाही.

तुमच्या गाडीला ओव्हरड्राइव्ह (चौथ्याच्या वरचा जादा गिअर) आहे का ते लिहिलं नाहीत. असेल आणि चालत नसेल तर तो दुरुस्त करा. चौथ्या गिअरमध्ये शंभरला साडेतीन हजारच्या आसपास आरपीएम असतात, ओव्हरड्राइव्ह लागला की २८०० च्या जवळपास येतात. पुण्याला जाताना हा फरक कानालाही कळतो आणि टाकीलाही.

प्रश्न: निसान ३७०झेड, २०११ची. समृद्धीने नागपूर एका टाकीत होईल का? मित्राशी पैज लागलीये. (वाचक, ठाणे)

उत्तर: कागदावर होईल, करू नका. टाकी ७२ लिटर, आमणे ते नागपूर ७०१ किमी, त्यात तुमचं ठाण्यातून आमण्याला पोचणं धरा. शंभरने एकसारखं गेलात आणि ११ मिळालं तरच थोडं शिल्लक राहतं. तिथली लिमिट १२० आहे आणि त्या रस्त्यावर कोणी शंभरने जात नाही. शंभरचे १२० केले की हवेचा विरोध ४४ टक्क्यांनी वाढतो, स्पीडच्या वर्गात वाढतो तो. अ‍ॅव्हरेज साडेनऊवर आलं की ७०० च्या आतच टाकी कोरडी, आणि या हायवेवर पंप हाकेच्या अंतरावर नाहीत.

शिवाय गाडीतला पेट्रोल ओढणारा पंप टाकीच्या आत असतो आणि आजूबाजूच्या पेट्रोलनेच तो थंड राहतो. चौदा-पंधरा वर्षांचा पंप कोरड्या टाकीत तासभर तापवायचा आणि पैज जिंकायची, यात मला काही शहाणपण दिसत नाही. संभाजीनगरला किंवा जालन्याला टाकी भरा, काटा पावच्या खाली जाऊ देऊ नका. आणि पेट्रोलइतकीच काळजी टायरची घ्या. साइडवॉलवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही छान दिसत असली तरी टायर सहा-सात वर्षांच्या पुढचा असेल तर त्या काँक्रीटवर १२० ला नेऊ नका. हवा थंड टायरला भरा, कमी हवा म्हणजे अ‍ॅव्हरेजही गेलं आणि टायरही तापला.

प्रश्न: सॅन स्टॉर्म आहे, सीएनजी किट बसवू का? (वाचक, वसई)

उत्तर: नको. गोव्यात बनलेली फायबरची टू-सीटर, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, मुळात हलकी म्हणूनच ती साठ हॉर्सपॉवरमध्ये पळते. तिच्या मागे साठेक किलोचा सिलिंडर टाकला की डिकी गेली, पिकअप गेला, वळणातला तोलही गेला, आणि रेंज इतकी की वसईतल्या सीएनजीच्या रांगेत परत परत उभं राहायचं. त्याच पैशात प्लग, फिल्टर, थर्मोस्टॅट, क्लच बघून घ्या. या गाड्या आता फार थोड्या उरल्यात, तुमची मूळ अवस्थेत राहू द्या ही विनंती.

प्रश्न: ९७ किंवा १०० ऑक्टेनचं महागडं पेट्रोल टाकलं तर अ‍ॅव्हरेज वाढतं का? (बरेच वाचक)

उत्तर: ऑक्टेन म्हणजे ताकद नाही, नॉक न होता, म्हणजे वेळेआधी आपोआप न पेटता, दाब सोसायची क्षमता. तुमच्या गाडीला ९८ लागतं असं पेट्रोलच्या फ्लॅपच्या आत लिहिलेलं असेल आणि तुम्ही कमी ऑक्टेनचं टाकत असाल तर नॉक सेन्सरमुळे ठिणगीचं टायमिंग मागे जातं आणि अ‍ॅव्हरेज थोडं पडतं, तिथे महाग पेट्रोलचा उपयोग आहे, टर्बोवाल्यांना जास्तच. स्टिकरवर ९५ किंवा त्याहून कमी लिहिलं असेल तर वरचे पैसे वाया. आधी फ्लॅप उघडून वाचा, आणि मग दोन टाक्या हे, दोन टाक्या ते, असं मोजून स्वतःच ठरवा.